अमूर्त लंगोट

प्रांताच्या कलाविषयक अहवालात माझा उल्लेख ‘वस्त्र-अमूर्त शैलीच्या ओल्शान्का घराण्याच्या संस्थापिका श्रीमती ओतिलिया पिएत्रेक’ असा झालेला आहे. हे घराणं ओल्शान्का गावातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीवर जन्माला आलं आणि त्याला कारण माझ्या मुलीचा खोकला, हे मात्र अहवालात नाही. ते तिथे लिहिता येत नाही. लिहिता आलं असतं तर घराणंच निघालं नसतं.

बोग्ना तेव्हा अकरा महिन्यांची होती. वारा पश्चिमेचा असला की ती हसायची, पूर्वेचा असला की खोकायची. पूर्वेला जस्ताचा कारखाना. त्याची तीन धुराडी, आणि त्यातलं तिसरं इतकं जवळ की सकाळी त्याची सावली आमच्या स्वयंपाकघरात शिरून टेबलावरच्या पावावरून पुढे जायची. मी बोग्नाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिची छाती तपासली, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर लिहिलं, ‘आई चिंतातुर’. खोकला बोग्नाला आणि थेंब मला. ते थेंब दिवसातून तीनदा साखरेवर घ्यायचे होते. मी घेतलेही. बोग्ना खोकतच राहिली, फक्त मला ते जरा सावकाश ऐकू यायला लागलं.

माझा नवरा झेनोन त्याच कारखान्याच्या गोदामात कारकून. एका रविवारी त्याने मला न्हाणीघरात नेलं, दोन्ही नळ सोडले, आणि कानात सांगितलं की तिसऱ्या धुराड्याची धूळ अडवायच्या कापडी पिशव्या दोन वर्षांपूर्वीच आलेल्या आहेत. अकरा पेट्या. पण त्या बसवायच्या तर भट्टी नऊ दिवस बंद ठेवावी लागते, आणि नऊ दिवस भट्टी बंद म्हणजे वर्षाचं लक्ष्य बुडालं. म्हणून दर तीन महिन्यांनी झेनोन पेट्या जागेवर असल्याची खात्री करतो आणि सही करतो.

“हे तू कुठे बोललीस,” तो म्हणाला, “तर नोकरी गेली, आणि घर कारखान्याचं आहे. तिघं तुझ्या आईच्या एका खोलीत राहू.”

मी बोलणार नाही असं वचन दिलं. पण मी ग्रंथपाल आहे. आम्हा लोकांना बोलता नाही आलं तरी नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही.

दुसऱ्याच दिवसापासून मी रोज सकाळी आठला एक धुतलेला, उकळलेला, पांढराशुभ्र लंगोट दोरीवर घालायला लागले. चारला काढायचा. मधोमध तळहाताएवढा चौकोन कापायचा, एका जुन्या चादरीवर शिवायचा, आणि चादरीच्या मागच्या बाजूला लाल दोऱ्याने तारीख टाचायची. सोमवार फिकट करडा, मंगळवार पिठूळ, बुधवार राखेसारखा. सात आठवडे. एकोणपन्नास चौकोन.

आमच्या जिन्यात खासगी काम असं काही नसतं. तळमजल्यावरच्या गेर्ट्रूडाकाकू शुक्रवारी खिडक्या पुसतात, शनिवारी जाळीचे पडदे धुऊन खळ घालतात, आणि उरलेला आठवडा खिडकीत उशी टाकून तिच्यावर कोपरं टेकून बसतात. त्यांनी मला पाण्यात मीठ टाकायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरून सल्ला आला की ओला कपडा बाहेर घालूच नये, ओल्यावर जास्त बसतं. चौथ्या मजल्यावरची बाई लंगोट कपाटात वाळवते, त्यामुळे तिच्या नवऱ्याच्या कोटाला बाळाचा वास येतो, पण तो तिचा प्रश्न. मग एके दिवशी काकूंनी मला चांगला लंगोट कात्रीने कापताना पाहिलं. लंगोट दुकानात वर्षातून दोनदा येतात आणि त्यासाठी पहाटेपासून रांग लागते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्यांना काय वाटलं असेल ते कळेल. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर माहीत झालं की ग्रंथपालबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. काकू स्वतः आंबट सूप घेऊन आल्या आणि मी ते संपवेपर्यंत कात्रीवर हात ठेवून बसल्या.

एकोणपन्नास झाल्यावर मी चादर गुंडाळून नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर गेले. (वचन बोलण्यापुरतं होतं. चादर दाखवण्याबद्दल झेनोनने काही म्हटलेलं नव्हतं.) तिथल्या कारकुनाने सांगितलं की आवक वहीत कापडाची नोंद होत नाही, कागद आणा. मी तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. त्याने वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“‘धूळ’ चालत नाही, बाई.”

“मग काय लिहू?”

“हवामान लिहा.”

मी लिहिलं, ‘आमच्या लंगोटांवर रोज हवामान पडतं.’ त्याने ते दोनदा वाचलं, मान डोलावली, आणि हवामान हा विषय त्यांच्या खात्याचा नसल्याचं सांगून अर्ज परत दिला. माणूस वाईट नव्हता. जाताना दार त्यानेच उघडून धरलं, कारण माझ्या एका हातात बोग्ना आणि दुसऱ्या हातात सात आठवडे होते.

त्या दिवशी मी चादर बाल्कनीच्या कठड्यावर टाकली आणि ठरवलं की आता फाडून फरशी पुसायला घ्यायची. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली. संस्कृती भवनाचे संचालक कुरेक साहेब टोपी हातात घेऊन वर बघत होते.

कुरेक साहेबांची अडचण समजण्यासाठी आमच्या देशाचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. कारखान्याच्या वर्धापनदिनानिमित्त त्यांना हौशी कलाकारांचं प्रदर्शन भरवायचं होतं, वीस कलाकृतींचं. वरून परिपत्रक आलं होतं की कोणत्याही प्रदर्शनात अमूर्त कलेचं प्रमाण शंभरात पंधरापेक्षा जास्त असू नये. म्हणजे अमूर्ताला आळा घालायचा होता. पण कुरेक साहेबांनी उभ्या आयुष्यात जे जे आकडे पाहिले, कोळशाचे, दुधाचे, बुटांचे, ते सगळे गाठायचे आकडे होते. विसाचे शंभरात पंधरा म्हणजे तीन. त्यांच्याकडे दोनच होती.

मी चादर काखेत घेऊन खाली गेले आणि त्यांना जिन्यात उभं राहून समजावलं की ही वरची मर्यादा आहे, एकही नसलं तरी चालेल.

“बाई,” ते दुखावल्यासारखे म्हणाले, “आकडा दिलाय आणि गाठला नाही, असं माझ्या भवनात कधी झालेलं नाही.” मग चादरीकडे बघून, “हे अमूर्तच आहे ना?”

“हे लंगोट आहेत.”

“ते कुणाला सांगू नका.”

बोग्ना माझ्या खांद्यावर खोकली. मी हो म्हटलं.

आता चादरीला चित्राचं रूप द्यायला खरा चित्रकार गाठणं भाग होतं. शेजारच्या जिन्यात तेओफिलकाका राहतात. क्राकुवच्या कला अकादमीत शिकलेले. पोटासाठी ते कारखान्याच्या ‘हेल्मेट घाला’, ‘बोटं सांभाळा’ अशा पाट्या रंगवतात आणि घरी आठ वर्षं चौकोन काढतात. फक्त चौकोन. कुरेक साहेबांच्या दोन अमूर्त चित्रांपैकी एक त्यांचं होतं. दुसरं अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा सूर्यास्त होता. त्यावर त्यांच्याच हातून पाण्याचा पाइप सुटला होता.

मी काकांना विचारलं की चौकोनच का. ते म्हणाले, “आमच्या वर्गातल्या सगळ्यांनी हसणारे कामगार काढले. मीही काढले. मग एकदा मी काढलेल्या कामगाराला जवळून पाहिलं. त्याला दात होते, पण तो हसत नव्हता, मी त्याला हसवत होतो. चौकोनाला तसं खोटं बोलायला लावता येत नाही गं.”

मला ते पटलं. पण मी चिंतातुर आई असल्यामुळे पुढचं तोंडातून निघून गेलं, की काका, तुमचा चौकोन खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याने खोकला कुणाचा थांबतो. मला फार वाईट वाटलं. मग ते उठले, दोन हातोडे आणि खिळ्यांचा डबा घेतला, आणि माझी चादर लाकडी चौकटीवर ताणून द्यायला लागले. ताणताना मागच्या तारखा त्यांना दिसल्या. त्यांचे हात सावकाश चालायला लागले.

चित्राला नाव द्यावं लागतं. फॉर्मवर रकाना असतो. काकांनी ‘रचना’ सुचवलं आणि पहिलीच असूनही तिला क्रमांक सात दिला, म्हणजे आधी सहा रचना होऊन गेल्या आहेत असं वाटून लोक मान देतात.

मग तपासणी कार्यालयाचा शिक्का. तिथे छापायच्या किंवा टांगायच्या प्रत्येक गोष्टीकडे एक थकलेल्या बाई बघतात. त्यांच्या पायाशी जाळीच्या पिशवीत एक कोबी होता आणि त्यांचं लक्ष अर्धं घड्याळाकडे. त्यांनी चौकट सरळ धरून पाहिली, उलटी धरून पाहिली, आडवी धरली, मग भिंतीवरच्या आरशात पाहिली. क्रूस सापडला नाही, जुन्या राजवटीचा गरुड सापडला नाही, अक्षर सापडलं नाही. तारखांवर काकांनी जाड पुठ्ठा ठोकला होता.

“यात काय दाखवलंय?”

काकांनी मला ‘अवकाश आणि आकार यांचा संवाद’ असं पाठ करून दिलं होतं. ऐन वेळी मला एक अक्षर आठवेना.

“काहीच नाही,” मी म्हटलं.

“काहीच नाही, तर मग हा एवढा काळा का?”

तो नऊ तारखेचा मंगळवार होता. त्या दिवशी भट्टीचं झाकण बिघडलं होतं आणि कबुतरंसुद्धा पायी चालत होती. मी म्हटलं, “तोल साधायला.”

“आणि हा एकच पांढरा?”

सत्तावीस तारीख. त्या दिवशी मंत्रिमहोदय आले होते, पांढऱ्या शर्टात, आणि ते जेवून जाईपर्यंत भट्टी मंद ठेवली होती. मी म्हटलं, “नजरेला विसावा.”

त्या बाईंनी त्या पांढऱ्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या ब्लाउजची कॉलर पांढरी होती आणि कडेला करडी. त्यांनी अंगठ्याने कॉलर आत दुमडली, शिक्का उचलला, आणि म्हणाल्या, “विसावा छान आहे.” आणि शिक्का मारला.

प्रदर्शन उघडलं. पहिल्या दिवशी माझ्या चित्रासमोर कुणी थांबलं नाही. लोक फुलदाण्या आणि धुराडी बघून समाधानाने घरी गेले. मला खरं सांगायचं तर अपमान वाटला. तोवर मी स्वतःला कलावंत मानत नव्हते, पण माझ्यापेक्षा सूर्यास्ताला गर्दी हे जरा अतीच होतं.

दुसऱ्या दिवशी गेर्ट्रूडाकाकू आल्या, फक्त मला बरं वाटावं म्हणून. चष्मा लावला, चित्रापुढे उभ्या राहिल्या, आणि पुटपुटायला लागल्या. मग बोट पुढे आलं. “ही ओळ संपत येते तिथे माझे पडदे होते. हा शनिवार. त्याच्या आदल्या दिवशी खिडक्या पुसल्या त्या फुकट गेल्या, हा बघ शुक्रवार. आणि हा काळा... हा झाकणाचा मंगळवार.” त्या मागे सरल्या. मग एकदम थंड आवाजात म्हणाल्या, “आणि हा पांढरा मंत्र्यांचा.”

मी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी फक्त बोग्नाची टोपी सारखी केली.

“ओतिलिया,” त्या म्हणाल्या, “मी तुला वेडी समजले. सूप परत दे.”

तिसऱ्या दिवशी रांग लागली. नुसती रांग पाहूनच अर्ध्या गावाला वाटलं की संस्कृती भवनात सुटे लंगोट आलेत, आणि तेही पिशव्या घेऊन रांगेत उभे राहिले. आत आल्यावर बायका चित्र वाचायच्या. हा माझ्या दिराच्या अंत्ययात्रेचा बुधवार, फुलं पांढरी नेली आणि करडी वाहिली. हा माझ्या पोराच्या चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा रविवार. चित्राजवळ कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पांढऱ्या चौकोनापाशी आल्या की मात्र सगळ्या हसायच्या. तेओफिलकाका कोपऱ्यात उभे होते, त्यांच्या स्वतःच्या चौकोनाकडे पाठ करून. त्यांचे डोळे पाणावले होते. मला म्हणाले की पेंटचा वास झोंबतोय.

कुरेक साहेब हर्षभरित. उपस्थितीचं लक्ष्य साडेतीन पटीने ओलांडलं होतं. त्यांनी आनंदाने कारखान्याचे उपसंचालक मादेय यांना बोलावून चित्रासमोर नेलं. मादेय साहेबांना चित्रातलं काही कळत नव्हतं, पण त्यांना गर्दीतलं हसू कळलं. त्यांनी ओळी मोजल्या, सत्तावीस तारखेवर आले, आणि त्यांचा चेहरा झाकणाच्या मंगळवारासारखा झाला.

“हे उतरवा,” ते कुरेक साहेबांना म्हणाले.

मी बोग्नाला घट्ट धरलं. माझ्यासमोर आईची एक खोली आली, तिच्यातली माझ्या आजीची शिलाई मशीन आली, त्या मशीनखाली झोपलेला झेनोन आला.

“उतरवतो,” कुरेक साहेब म्हणाले, आणि खिशातून फॉर्म काढला. “फक्त हे भरा. इथे, कारण. कारणाशिवाय उतरवलं तर एकोणीसात दोनच अमूर्त राहतात, आकडा चुकतो, मला वर खुलासा द्यावा लागेल.”

मादेय साहेबांनी पेन काढलं. पेन रकान्यावर आलं आणि थांबलं. ‘धूळ’ लिहिता येत नव्हतं. ‘धूर’ येत नव्हतं. मंत्री तर मुळीच येत नव्हता. ‘हवामान’ लिहावं असं मला सुचवावंसं वाटलं, पण मी जीभ चावली. ते पाच मिनिटं रकान्याकडे बघत उभे होते आणि त्यांच्यामागे सबंध ओल्शान्काच्या बायका शांतपणे, मदतीला आल्यासारख्या, बघत होत्या. शेवटी त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“आधुनिक कला,” ते म्हणाले, “मला फारशी कळत नाही.”

आणि चित्र राहिलं.

सोमवारी सकाळी मी बाल्कनीचं दार उघडलं तर समोरच्या इमारतीच्या दोरीवर चौकोन शिवलेली चादर. तिच्याखाली आणखी एक. आठवडा संपेपर्यंत हमरस्त्याकडे तोंड असलेल्या प्रत्येक बाल्कनीत ओल्शान्का घराण्याची एक तरी कलाकृती लटकत होती. चौथ्या मजल्यावरच्या बाईने नवऱ्याच्या कोटाचं अस्तर कापलं. काकूंनी चक्क पडदा कापला, आणि ज्यांना हे काय धाडस आहे ते कळत नाही त्यांना आमचा मुलूखच कळलेला नाही. पोलीस आला. त्याने विचारलं हे काय चाललंय. काकू उशीवरून म्हणाल्या, “कपडे वाळत घातलेत रे बाळा. तुझ्या आईनेही घातलेत, पलीकडच्या इमारतीत, दुसरा मजला.” तो बघून आला. खरंच घातले होते.

मग राजधानीतल्या एका साप्ताहिकाच्या कलासमीक्षकांनी फोटो छापला, आणि ‘करड्याच्या छटांमधली सामूहिक संयमशीलता’ असा लेख लिहिला. परदेशी पाहुणे ही वसाहत पाहायला येणार असं पत्र आलं. आणि शनिवारी दुपारी मादेय साहेब आमच्या दारात.

मी चहा केला. झेनोन खुर्चीच्या टोकावर बसला होता, गुडघे जुळवून. मादेय साहेबांनी बोग्नाकडे पाहिलं, बोग्ना त्यांच्याकडे पाहून खोकली.

“बाई,” ते म्हणाले, “हे बंद व्हायला काय लागेल?”

“माझं साहित्य संपलं की आपोआप बंद होईल,” मी म्हटलं. “साहित्य तिसऱ्या धुराड्यातून येतं.”

ते कपाळ चोळत म्हणाले की त्यांनाही कळतं, पण पिशव्या कुठे मिळतात, वरून मंजुरी कधी येणार, वर्षं जातील.

माझा नवरा आठ वर्षांत साहेबांपुढे खोकलाही नव्हता. तो उभा राहिला.

“गोदामाची चौथी रांग, साहेब. अकरा पेट्या. दर तीन महिन्यांनी मीच सही करतो.”

मला वाटलं, झालं, आता सामान बांधायचं. पण झेनोन थांबेना. कारकून एकदा सुरू झाला की त्याला कलमं आठवायला लागतात. म्हणाला, भट्टी दुरुस्तीसाठी बंद केली तर लक्ष्य बुडतं. पण प्रांतिक पातळीवरच्या सांस्कृतिक सप्ताहासाठी कामगारांना सोडलं, तर ते दिवस संस्कृतीच्या लक्ष्यात धरतात, उत्पादनाच्या नाही. परिपत्रक आहे. कुरेक साहेबांकडे सप्ताहाचा कोटा शिल्लक आहे, मी विचारून आलोय. सप्ताह नऊ दिवसांचा करता येतो, दोन्ही रविवार धरून.

मादेय साहेबांनी झेनोनकडे असं पाहिलं की जणू आतापर्यंत गोदामात कोणीच नव्हतं. मग त्यांनी चहा संपवला आणि दुसरा मागितला.

ओल्शान्काचा अमूर्त कला सप्ताह मे महिन्यात झाला. भट्टी थंड, कामगार पाळीपाळीने संस्कृती भवनात, सूर्यास्तासमोर गंभीरपणे उभे. तेओफिलकाकांनी रोज दोन तास व्याख्यान दिलं, आणि धातूच्या मोठ्या आवाजात पिशव्या बसत असताना ते चौकोनाच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलत राहिले. टाळ्या पडल्या. त्यांना आता पाट्यांचं काम अर्धवेळ केलं आहे आणि उरलेला वेळ त्यांच्याकडे गावातल्या बायका शिकायला येतात. कुरेक साहेबांना पदक मिळालं. झेनोनला काहीच झालं नाही, आणि आमच्याकडे काहीच न होणं हे पदकाच्या वर मानतात.

दहाव्या दिवशी भट्टी पुन्हा पेटली. वारा नेमका पूर्वेचा. आठ वाजता मी लंगोट घातला आणि दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. जिन्यात पावलं वाजत होती. चार वाजता मी बाल्कनीत गेले तर समोरच्या, शेजारच्या, खालच्या बाल्कन्यांमधून बायका माझ्या दोरीकडे बघत होत्या. काकू तर उशीसकट अर्ध्या खिडकीबाहेर आल्या होत्या.

मी लंगोट उतरवला आणि उन्हासमोर धरला. पांढरा. मी दोन्ही हातांनी तो कठड्याबाहेर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि उलटा करूनही दाखवला. खालून काकूंनी फक्त एकदा मान हलवली, जशी त्या चांगली खळ बसलेल्या पडद्याला हलवतात.

कात्री टेबलावर होती. मी तिला हात लावला नाही. आत गेले, बोग्नाला पाळण्यातून उचललं. ती दिवसभरात एकदाही खोकली नव्हती, मी सकाळपासून कान लावून होते. मी तिला पलंगावर आडवं केलं, तो लंगोट तिला नीट, तिन्ही टोकं जुळवून बांधला, आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिले.

बोग्नानेही माझ्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा थोडा विचारमग्न झाला, लाल झाला, आणि पुन्हा प्रसन्न झाला.